आधी बुंधा दाखवा

दुसऱ्याच्या अंगणात शिरल्यावर लोक आधी घरातल्या माणसांकडे बघतात. काका खाली बघायचे. यजमान हात पुढे करून उभा असायचा आणि काका गुडघे टेकून त्याच्या ऑलिव्हच्या बुंध्याजवळची माती बोटांनी उकरत असायचे. "आधी बुंधा दाखवा," हे त्यांचं नमस्काराच्या जागचं वाक्य. इंग्रजीत ते "फर्स्ट शो बॉटम" म्हणायचे. एका ग्रीक बाईंना ते दारातच असं म्हणाले आणि पुढची दहा मिनिटं मी पायरीवर उभी राहून त्यांची माफी मागत होते.

ज्याचं नाव निघालं की आधी कपाळाला हात लावावासा वाटतो, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. माझ्या नशिबी हे आले ते माझ्या गाडीमुळे. कॅनडातल्या बर्नाबीत आमच्या टाऊनहाऊसच्या रांगेत दोन दारं सोडून त्यांची लेक राहते. ती नर्स, तिची शिफ्टची नोकरी. बायको गेल्यावर काका फलटणहून सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, तिच्याकडे आले. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, म्हणजे काकांच्या हिशेबी मी रिकामीच.

"पोरी, पाचच मिनिटं. एक झाड बघून येऊ."

त्या पाच मिनिटांत माझ्या दोन मीटिंग बुडाल्या आणि ग्रोसरीतलं आइसक्रीम डिकीत वितळलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. पहिल्याच दिवशी "जमणार नाही" म्हणाले असते तर पुढचं काही झालंच नसतं. पण आपण मराठी माणसं, वडीलधाऱ्याला तोंडावर नाही कसं म्हणणार? मग मागून बोटं मोडत बसतो. मीही तेच केलं, दोन वर्षं.

काका कृषी महाविद्यालयात फळबागेचं काम बघत होते. आयुष्यभर कलमं केली आणि दुसऱ्यांनी केलेली कलमं तपासली. एका नर्सरीनं डाळिंबाच्या रोपांना भलत्याच जातीचं नाव लावलं होतं, म्हणून यांनी कागदावर सही दिली नाही. वरून दबाव आला, बदली झाली, तरी दिली नाही. ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेल. तिचा शेवट ठरलेला असायचा.

"नाव चुकलं की झाड मेलं, पोरी. उभं दिसतं, पण मेलं."

आता तुम्ही म्हणाल, बर्नाबीत ऑलिव्ह कुठून आलं? मलाही माहीत नव्हतं. इथली थंडी कॅनडाच्या मानानं सौम्य. गॅरेजमागे, भिंतीच्या आडोशाला, प्लास्टिकनं गुंडाळून लोक ऑलिव्ह जगवतात. लोक म्हणजे बहुतेक म्हातारे. तरुणपणी इटली, ग्रीस, लेबनॉनहून येताना कोटाच्या अस्तरात, बुटाच्या टोकात आपापल्या गावची काडी लपवून आणलेले. काकांना फिरायला जाताना असं एक झाड कुणाच्या तरी मागच्या अंगणात दिसलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं फिरणं संपलं आणि माझं सुरू झालं.

"एकसारखीच तर दिसतात सगळी," मी एकदा वैतागून म्हणाले. हीटर लावूनही काच धुरकट होत होती आणि आम्ही तिसऱ्या घरासमोर थांबलो होतो.

"तुझ्या आजोळी आंब्याची झाडं होती?"

"होती. आठ-दहा."

"नावं सांग."

मी आठवू लागले. शेंद्र्या. खोबऱ्या. विहिरीवरचा शेप्या, त्याला बडीशेपेचा वास यायचा. एक गोट्या, त्याचं लोणचं व्हायचं.

"आता काय आहे तिथं?"

आता तिथे मामानं लावलेला केसर आहे. सगळा केसर, एका ओळीत. तेच त्यांना सांगितलं.

"एक रोग आला की ओळच्या ओळ जाईल," काका म्हणाले. "शेप्या असता तर कदाचित तो एकटा उभा राहिला असता. ऑलिव्हचंही तेच आहे. प्रत्येक गावचं वेगळं. कुठलं थंडी सोसतं, कुठलं रोग सोसतं, कुणाला ठाऊक? तिकडे मरून गेलेलं एखादं इथे गॅरेजमागे उभं असेल. चल, उतर."

उतरले, काय करणार. पण समजलं म्हणजे डोक्याचा ताप कमी होतो असं नाही. लेकीनं घरात कुंड्या ठेवायला साफ नकार दिला. तिचं म्हणणं होतं, "ताई, आई आजारी होती तेव्हाही बाबा बागेत झाडं मोजत होते. आता माझ्या घरात नकोत." मग काड्या आल्या आमच्या खालच्या वॉशरूममध्ये. तिथे उजेड चांगला आणि बाष्प टिकतं, असं काकांनी आमच्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं. टबात चौदा डबे. आमचे हे दाढी करायला वरच्या मजल्यावर गेले ते कायमचे. सोसायटीच्या कमिटीचं, इकडे तिला स्ट्राटा म्हणतात, बाल्कनीत उन्हाला मांडलेल्या डब्यांतून पाणी गळतं म्हणून पत्र आलं, तेही माझ्याच नावानं. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्या तशी मी त्या काड्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी फवारत होते.

प्रत्येक डब्यात दह्याच्या डब्याची कापलेली पट्टी खोचलेली, तिच्यावर पेन्सिलनं घर, झाडाचं नाव, आणि खाली "बुंधा पाहिला". मी एकदा पेननं लिहिलं तर पट्टी माझ्या हातात परत दिली. "पेन पुसतं. पेन्सिल राहते."

बुंध्याचं एवढं काय, तेही सांगून टाकते. कलमाच्या झाडात दोन झाडं असतात. खाली मुळाचं झाड, त्याला खुंट म्हणतात, आणि वर आपल्याला हवं ते. जोड बसलेली जागा बुंध्याशी दिसते. वरचं मेलं आणि खालून फुटलं, तर झाड हिरवंगार दिसतं, पण ते खुंटाचं असतं. आपल्याला हवं ते गेलेलं असतं. म्हणून काका आधी तिथे बघायचे.

नोन्नाकडे आम्ही सप्टेंबरात गेलो. नोन्ना म्हणजे इटालियनमध्ये आजी. साऱ्या गल्लीची ती नोन्ना होती. दक्षिण इटलीतल्या एका डोंगरी गावची, नव्वदीला टेकलेली. नवऱ्यानं बांधलेलं घर विकलं होतं, तिथे आता उंच इमारत होणार होती. मागे गॅरेजला लागून तिचं ऑलिव्ह, दोन पुरुष उंच, चांदीसारख्या पानांचं. नवऱ्यानं गावाहून आणलेल्या काडीचं.

"गावात आता एकही राहिलं नाही," ती म्हणाली. तिचं इंग्रजी मोडकं आणि काकांचं त्याहून मोडकं, त्यामुळे दोघांचं छान जमत होतं. "रोग आला. सगळी वाळली. माझा पुतण्या फोन करतो, म्हणतो, तुझ्याकडचं एकच उरलं. त्याला काड्या हव्यात. तुम्ही कराल ना नीट?"

झाडाविषयी तिनं आणखी एक सांगितलं. नवरा गेला त्याच हिवाळ्यात फार मोठी थंडी पडली आणि झाड काळं पडून मेलं. वसंतात खालून फुटलं. तिनं ते त्याचं परत येणं मानलं. तेव्हापासून ती रोज सकाळची कॉफी झाडापाशी घेते आणि त्याच्याशी बोलते.

"फक्त फळं लहान येतात आता. तो गेल्यापासून. झाडालाही कळतं."

काका तोवर गुडघ्यावर बसले होते. माती बाजूला झाली होती. मीही वाकून बघितलं. एवढ्या महिन्यांत मलाही थोडं कळायला लागलं होतं. जोड दिसत होती, तिच्या वर वाळलेलं, तासून टाकलेलं जुनं लाकूड होतं, आणि सगळं हिरवं झाड तिच्या खालून आलेलं होतं.

मी वाट बघत होते. त्या ग्रीक बाईंना, एका लेबनीज आजोबांना, चर्चच्या पाद्र्यालासुद्धा या माणसानं तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या झाडाचं नाव खोटं आहे. काकांनी माती परत सारखी केली, हात पँटला पुसले, आणि म्हणाले, "छान आहे झाड. थोड्या काड्या नेतो."

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टीवर नाव लिहिलं. "बुंधा पाहिला" लिहिलं नाही.

"काका, ते तिचं झाड नाही."

"माहीत आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतो. पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला आम्ही गेलो, तिनं बदामाची बिस्किटं दिली, काकांनी खाल्ली आणि सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही खेपेला नाही. मला संताप यायला लागला. तिचा मुलगा तेवढं मोठं झाड मशीननं उपटून स्वतःच्या अंगणात नेण्याची व्यवस्था करत होता. पुतण्या काड्यांची वाट बघत होता. आणि जगभरच्या पाट्या दुरुस्त करणारा हा माणूस बिस्किटं खात होता.

त्यांनी एवढं मात्र विचारून घेतलं की कलम कोणी केलं होतं. नोन्ना म्हणाली, नवऱ्याचा दोस्त, न्हावी होता. काड्यांना मुळं फुटेनात, म्हणून त्यानं दुकानातून आणलेल्या साध्या ऑलिव्हवर वस्तऱ्यानं कलम केलं.

तो न्हावी आठव्या मजल्यावर एका सीनियर लोकांच्या इमारतीत राहत होता. दारातच काका म्हणाले, "फर्स्ट शो बॉटम." म्हातारा हसला नाही की दचकला नाही. तो आम्हाला सरळ बाल्कनीत घेऊन गेला. तिथे कुंडीत खांद्याएवढं ऑलिव्ह होतं. त्यानं स्वतःच वाकून माती बाजूला केली. जोड स्वच्छ होती आणि झाड तिच्या वर वाढलेलं होतं. काकांचं वाक्य पहिल्या फटक्यात कळलेला हा एकच माणूस मी पाहिला.

"हे तेच," तो म्हणाला. "त्याच दिवशी माझ्यासाठी एक केलं होतं. हिवाळ्यात घरात घेतो."

"तिचं मेलंय, हे तुम्हाला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"त्या वसंतात मी गेलो होतो. फुटलेलं बघून ती रडत होती, आनंदानं. मी काय सांगणार?"

"इतकी वर्षं तुम्ही त्या बाईला फसवलंत," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच चढला होता.

एलिव्हेटरमध्ये माझा तोल गेला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण. तुम्ही चार आठवडे दुसरं काय करताय?"

काका मजल्यांचे आकडे बघत राहिले. तळमजला आला, दार उघडलं, तरी ते बाहेर निघेनात.

"तुझ्या काकूचा रिपोर्ट मीच आधी वाचला होता," ते म्हणाले. "डॉक्टर उद्या सांगणार होते. मी घरी येऊन आजाराचं नाव सांगितलं. नावासकट सगळं. खोटं कशाला बोलायचं? त्या दिवसानंतर ती माझ्याशी बोलायची ती फक्त जेवायला वाढू का, एवढंच. चार महिने, जाईपर्यंत."

दार दोनदा बंद व्हायला आलं, मी दोन्ही वेळा पाय घातला.  मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही. त्यांचा हात धरून मी त्यांना गाडीपर्यंत आणलं.

त्याच आठवड्यात मी दोन्ही झाडांची पानं टेकडीवरच्या विद्यापीठात, जनुकं तपासणाऱ्या एका ओळखीच्या मुलीकडे दिली. दोन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं: नोन्नाचं झाड साधं, बाजारात मिळणारं. न्हाव्याचं त्यांच्या यादीतल्या कशाशीच जुळत नव्हतं. "यंत्राला आत्ता कळलं," काका पुटपुटले, पण त्यात नेहमीची मिजास नव्हती. इकडे नोन्नाचं घर पाडायची तारीख जवळ आली होती. चुकीच्या काड्या इटलीला गेल्या असत्या तर त्या गावानं त्या आपल्या म्हणून लावल्या असत्या, आणि मग खरं कोणतं हे सांगायला कुणी उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी न्हाव्याच्या झाडाची तीन फळं खिशात घेतली. नोन्ना कॉफी घेऊन झाडापाशीच बसली होती. काकांनी काही न बोलता फळं तिच्या तळहातावर ठेवली. लांबट, टोकाला बारीक चोच आलेली. तिनं अंगठ्यानं ती चोच चाचपली आणि तिच्या बोलीतला एक शब्द उच्चारला. नंतर कळलं, तो त्या फळाचं गावचं नाव होता.

मग तिनं मान वर करून आपल्या झाडाकडे बघितलं. ती शेतातली बाई होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"सहा आठवडे."

"सहा आठवडे," ती म्हणाली. "माझ्याकडे तेवढे आहेत का, हे तरी विचारायचंत."

 ती परत झाडाकडे वळली.

"मग इतकी वर्षं मी कोणाशी बोलत होते?"

  डोळे पुसायला काकांनी रुमाल काढला, त्याला माती लागलेली होती, तो तसाच परत खिशात ठेवला. फळं कोणाकडची ते विचारून नोन्ना उठली, आत गेली आणि न्हाव्याला फोन लावून इटालियनमध्ये अर्धा तास झापत होती. आम्ही बाहेर शाळेतल्या पोरांसारखे उभे. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल होता, पण हातात बिस्किटांची बशी होती.

मोठं झाड न्यायचं मुलानं रद्द केलं. घर पाडायच्या आदल्या दिवशी नोन्नानं काकांना बोलावलं आणि काठीनं बुंध्याकडे दाखवलं. बाजूला अंगठ्याएवढे जाड फुटवे आले होते.

"याचंही घ्या थोडं."

"नोन्ना, हे दुकानात मिळतं," काका म्हणाले.

"हे मिळत नाही."

काका वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडून फावडं मागून घेतलं, आणि ओल्या मातीत बसून अकरा फुटवे मुळांसकट खणून काढले. अर्थात ते कुठे गेले? आमच्या वॉशरूममध्ये.

मे महिन्यात त्यांनी त्या अकरा फुटव्यांवर न्हाव्याच्या झाडाची कलमं केली. न्हावी स्वतः आला होता, वस्तरा घेऊन. दोन म्हातारे आमच्या टबाच्या काठावर बसून एकमेकांच्या चुका काढत होते आणि मी बाहेर मीटिंगमध्ये आवाज म्यूट करत होते. अकरातली तीन लागली. एक विद्यापीठाच्या ग्रीनहाऊसमध्ये गेलं. इटलीला रोप पाठवायचे कागद तिथूनच चालू आहेत आणि ते कधी संपतील ते देव जाणे. एक नोन्नाच्या मुलाकडे गेलं. नोन्ना आता कॉफी त्याच्यापाशी घेते. तिसरं माझ्याकडे, कारण उजेड चांगला. त्याच्या पट्टीवर काकांनी पेन्सिलनं दोन ओळी लिहिल्या: "वर: गावचं. खाली: नोन्नाचं." आणि त्याखाली, "बुंधा पाहिला."

"खालून फुटवा आला की लगेच खुडायचा," मला बजावलं. "दया नाही दाखवायची. नाहीतर वरचं मरतं."

शरद ऋतूत ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला फलटणला गेले. तिथून दर रविवारी व्हिडिओ कॉल. कशी आहेस, पोरं काय म्हणतात, असलं काही नाही. फोन लागला की, "आधी बुंधा दाखव." मी चिडत चिडत कॅमेरा खाली धरायची. त्यांना माझा चेहरा कितपत आठवत होता कोण जाणे.

फेब्रुवारीत एका रविवारी कॉल आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर लेक उभी होती, शिफ्टच्या कपड्यांतच. झोपेत गेले, म्हणाली. तिकीट संध्याकाळचं होतं. मी चहा केला. तिचे डोळे कोरडे होते. बाबांच्या पासपोर्टच्या प्रती, विमानाची वेळ, एवढंच ती बोलत होती. मग तिनं खालची वॉशरूम वापरू का विचारलं आणि गेली. बराच वेळ आली नाही. मला भीती वाटली, म्हणून मी जिन्यापर्यंत गेले, तर ती वर येत होती.

"ताई, त्या झाडाला खालून एक आलं होतं."

तिनं मूठ उघडली. तळहातावर दोन कोवळ्या पानांचा फुटवा होता आणि नखात माती.

"खुडलंस?"

"मग काय करू? नाव चुकलं असतं ना," ती म्हणाली, आणि जिन्यातच बसून रडायला लागली.